टेबल कुणाचे?

प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात एखादी तरी वस्तू अशी असते, की पाहुण्याने तिच्याविषयी विचारावे म्हणूनच ती तेथे मांडलेली असते. कुणाच्या घरी ते आजोबांचे छायाचित्र असते, कुणाच्या घरी आखाती देशातून आलेले घड्याळ. आमच्या नाशिकरोडच्या घरात हा मान तीस वर्षांहून अधिक काळ एका टेबलाकडे आहे. फेब्रुवारीतील बाल येशूच्या यात्रेला येणारे नातलग व स्नेही दर्शन आटोपून आमच्याकडे चहाला टेकतात, तेव्हा नवखा पाहुणा कप खाली ठेवता ठेवता हमखास विचारतो, “हे कुठून आणलं?” आणि आम्ही दरवर्षी त्याच अभिमानाने उत्तर देतो, “आणलं नाही, करवून घेतलं.”

टेबल तसे लहानच आहे. उंची जेमतेम सोळा इंच. वर गोलसर त्रिकोणी आकाराची जाड काच आणि खाली सागवानाचे दोन वळणदार तुकडे. एखाद्या प्राण्याचे जबड्याचे हाड असावे तसे किंवा नदीने घासून गुळगुळीत केलेल्या खडकासारखे ते दिसतात. काचेला कोठेही स्क्रू नाही, डिंक नाही. ती स्वतःच्या वजनाने त्या लाकडावर विसावलेली आहे. काचेतून खालचे सारे लाकूड दिसते. टेबलाने काही लपवावे अशी त्याची रचनाच नाही. आम्ही मात्र त्याच्याबाबत एक गोष्ट पुष्कळ वर्षे लपवली होती, इतरांपासून नव्हे तर स्वतःपासून. त्या गोष्टीने उभा केलेला प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ते साल १९९४ होते. भाड्याची जागा सोडून आम्ही स्वतःच्या सदनिकेत राहावयास आलो होतो. मुंबईच्या एका स्नेह्यांना रद्दीच्या दुकानात एक जुने परदेशी मासिक मिळाले होते. त्यातील एका पानावर या टेबलाचे चित्र होते. चित्राखालचा मजकूर पान फाटल्यामुळे गेला होता, आणि खरे सांगायचे तर आम्हाला त्याची गरजही वाटली नाही. आमच्या इमारतीत दारांच्या चौकटी बसविण्यासाठी एक मिस्त्री येत असत. त्यांना आम्ही ते पान दाखविले. त्यांनी ते बराच वेळ उजेडात धरून पाहिले, उलटे करून पाहिले आणि म्हणाले, “होईल. पण हे लाकूड एकमेकांत कसं अडकलंय, ते यात दिसत नाही.”

वखारीतून जुना, मुरलेला साग आणला. मजुरी नऊशे रुपये ठरली आणि मुदत चार दिवसांची. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन फर्मे कापले, ते एकमेकांना टेकवून पाहिले आणि फेकून दिले. दुसऱ्या दिवशी प्लायवूडच्या तुकड्यांवर प्रयत्न केला. तेही जुळेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी सागाला करवत लावली आणि दुपारपर्यंत एक तुकडा वाया गेला. आमचे डोके तापू लागले. चौथ्या दिवशी आम्ही कामावरून परतलो, तो मिस्त्री जमिनीवर मांडी घालून बसलेले. हातात एकच फर्मा. तो ते कधी सुलटा धरीत होते, कधी उलटा. आमच्याकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “साहेब, हे दोन तुकडे नाहीतच. एकच आहे. एक सुलटा उभा केलाय, दुसरा तोच, पण डोक्यावर. चित्र फसवतं.”

ही गोष्ट त्या चित्रात कोठेही लिहिलेली नव्हती. तिरप्या कोनातून घेतलेल्या छायाचित्रात दोन तुकड्यांचे आकार निरनिराळे भासत होते. ते एकच आहेत, आणि त्यांच्यामधून एक लोखंडी गज गेला की दोघे परस्परांना सावरून धरतात, हे त्या माणसाने शाळेची पायरी किती चढली होती कोण जाणे, पण आपल्या बुद्धीने शोधून काढले. नंतरचे काम तीन दिवसांत झाले. रंधा, कानस, पॉलिश पेपर आणि शेवटी लाखेचे पॉलिश. चार सूत जाडीची काच दुकानातून कापून, कडा घासून आली. मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी अलगद लाकडावर टेकविली आणि हात काढून घेतले. काच हलली नाही.

हिशेबाला बसलो तेव्हा आम्ही दीडशे रुपये कापले. वाया गेलेल्या सागाचे. शिवाय चार दिवसांच्या कामाला सात दिवस लागले, म्हणून जादा दिवसांचे काही द्यावयाचे नाही, हेही बजावले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, आकार डोक्यात बसायला चार दिवस गेले. लाकडात उतरवायला तीनच लागले.” त्यावर आम्ही जे बोललो ते शब्द आम्हाला अजून आठवतात. आम्ही म्हणालो, “त्यात काय आहे? चित्र तर आम्हीच दिलं होतं. दोन लाकडं आणि एक काच!” मिस्त्रींनी साडेसातशे रुपये मोजून घेतले आणि हत्यारांची पिशवी उचलली. ते पुन्हा आमच्या इमारतीत आले असतील, नसतील. आम्ही लक्ष ठेवले नाही.

यानंतर तेवीस वर्षे लोटली. २०१७ च्या नाताळात आमची भाची घरी आली होती. तिने अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत शिक्षण घेतले आहे. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था वस्तूंचे आकार व रचना यांचे शास्त्र शिकविते. फराळाच्या बशा मांडताना तिचे लक्ष टेबलाकडे गेले आणि ती वाकून काचेखाली पाहू लागली. मग हसून म्हणाली, “मामा, हे टेबल तुमचं नव्हे हं. हे इसामु नोगुची यांचं आहे.” आम्हाला वाटले, तिच्या ओळखीचे कुणी गृहस्थ असतील. तिने सांगितलेली हकीकत पुढीलप्रमाणे.

नोगुची हे शिल्पकार. जन्म १९०४ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे. वडील जपानी कवी, आई अमेरिकन लेखिका. बालपण जपानात गेले आणि तेथे त्यांना लहान वयातच सुतारकामाची हत्यारे हाताळावयास मिळाली. पुढे पॅरिसला ब्रांकुशी या थोर शिल्पकाराच्या कार्यशाळेत त्यांनी काम केले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष गुडइयर यांच्यासाठी त्यांनी लाकूड व काच यांचे एक टेबल घडविले. त्याच सुमारास एका नामवंत गृहसजावटकारासाठीही त्यांनी टेबलाचा लहानसा नमुना करून दिला. मग महायुद्ध अमेरिकेच्या दारात आले. जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना अमेरिकन सरकारने छावण्यांत नेऊन ठेवले. नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी असल्यामुळे त्यांच्यावर ही सक्ती नव्हती. तरीही १९४२ मध्ये ते आपल्या बांधवांसाठी काही करता येईल या आशेने ॲरिझोनाच्या वाळवंटातील पोस्टन येथील छावणीत स्वेच्छेने गेले. स्वेच्छेने आत गेलेल्या या माणसाला बाहेर पडण्यासाठी मात्र महिनोन्‌महिने परवानगीची वाट पाहावी लागली.

त्या छावणीत असताना एके दिवशी त्यांना एक जाहिरात दिसली. तिच्यात टेबल होते. आपल्याच नमुन्यावरून ते केले आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांचे नाव अर्थातच कोठे नव्हते. सुटका झाल्यावर त्यांनी त्या सजावटकाराला जाब विचारला, तेव्हा तीन पायांचे टेबल काय कुणीही करू शकतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. ही हकीकत नोगुचींनीच १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात नोंदविली आहे. त्या उत्तराच्या रागातून त्यांनी स्वतःच्याच कल्पनेची पुन्हा नवी मांडणी केली. एकाच आकाराचे दोन तुकडे, एक सुलटा, एक उलटा, मधून एक गज आणि वर जाड काच. १९४७ च्या सुमारास अमेरिकेच्या हर्मन मिलर कंपनीने ते बाजारात आणले. मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर ते आजही तयार होते आणि जगातील नामांकित संग्रहालयांतही ठेवलेले आहे. नोगुची १९८८ साली वारले.

भाचीचे बोलणे संपले तेव्हा दिवाणखान्यात काही क्षण कुणीच बोलले नाही. मग आम्ही सारे एकदम बोलू लागलो.

पहिला बचाव अर्थात आमचा. आम्ही म्हणालो, आम्हाला हे नाव ठाऊकच नव्हते. न कळत झालेल्या गोष्टीचा दोष कसला? शिवाय आम्ही ते टेबल विकले नाही, घरात वापरले. भाचीने कायद्याचीही बाजू सांगितली आणि ती आमच्या पथ्यावर पडली. आपल्या देशात २००० सालच्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या वस्तुरचनेला १० वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. त्याआधीच्या १९११ च्या कायद्यातही एकूण मर्यादा १५ वर्षांचीच होती. त्यानंतर तो आकार सर्वांचा. उलट ब्रिटनने २०१६ पासून कलाकृती मानल्या जाणाऱ्या अशा वस्तूंना कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत संरक्षण दिले आहे. म्हणजे एकाच टेबलाची नक्कल समुद्राच्या एका तीरावर गुन्हा ठरू शकते आणि दुसऱ्या तीरावर निर्दोष. हे ऐकून आम्हाला हायसे वाटले. पण कायद्याची सीमारेषा जेथे बदलते तेथेच सदसद्विवेकाचीही बदलावी का, हा प्रश्न हायसे वाटण्यापाठोपाठ आलाच.

दुसरा बचाव आमच्या थोरल्या बंधूंनी मांडला. ते प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडच्या वाचकांना प्रेस म्हणजे काय हे सांगावयास नको. १९२५ साली भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले, १९२८ साली चलार्थ पत्र मुद्रणालय आले, आणि देशाची तिकिटे व नोटा येथे छापल्या जाऊ लागल्या. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे या दोन कारखान्यांच्या भोंग्यावर उठली आणि जेवली. असली आणि नकली हा भेद या गावात मूल पाळण्यात शिकते. बंधू म्हणाले, “नोट उजेडात धरली की आतलं जलचिन्ह दिसतं. नकली नोट हा गुन्हा का? कारण ती जी नाही ते असल्याचं सोंग आणते, आणि शेवटी ज्याच्या हातात ती राहते त्या गरिबाला फसवते. तुझं टेबल कुणाला फसवतं? त्याच्यावर तू कुणाची सही केली नाहीस. मग तो गुन्हा नव्हे.”

हा युक्तिवाद आम्हाला आजही निम्मा तरी खरा वाटतो. फसवणूक आणि अनुकरण यांत अंतर आहे. अनुकरणाशिवाय तर कोणतीही विद्या पुढे जात नाही. सुताराचा मुलगा बापाचा पाट पाहून पाट करतो, आणि गुरूच्या हस्ताक्षरावरून गिरविल्यावाचून कुणाचे अक्षर वळत नाही. नाशिकच्या जुन्या वाड्यांत सागवानी खांब आहेत, नक्षीच्या तुळया आहेत. त्यांतील कोणता आकार कुणी प्रथम काढला आणि कुणी कुणाचा उचलला, हे कोण सांगणार? भाचीने स्वतःच याला एक दाखला जोडला. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य आपल्या देशात हिंडले आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे अहमदाबादची संस्था उभी राहिली. हे दांपत्य ज्या कंपनीसाठी खुर्च्या रचीत असे तीच हर्मन मिलर कंपनी नोगुचींचे टेबल विकीत होती. या जगप्रसिद्ध रचनाकारांना भारतात सर्वांत अधिक काय भावले असेल, तर आपला साधा तांब्या! त्याचा घेर, मान, काठ, कमरेवर घेतल्यावर साधणारा तोल, ओतताना पडणारी धार हे सारे कुणा एकाने नव्हे तर पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून घडविले आहे, असे त्यांनी म्हटले. तांब्यावर कुणाची सही नाही, आणि कुणी कासार दुसऱ्या कासारावर दावाही लावीत नाही.

मग नोगुचींनी तरी का रागवावे? तीन पायांचे टेबल खरोखरच कुणीही करू शकत असेल तर?

याचे उत्तर आमच्या सौभाग्यवतींकडून आले. त्या इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “त्या परक्या माणसाचं काय देणं लागतो ते देव जाणे. पण मिस्त्रीचे दीडशे रुपये कापले होते ना आपण?”

वाचकहो, तेवीस वर्षांत त्या दीडशे रुपयांचा आमच्या घरात उच्चार झाला नव्हता. पण त्या विसरल्या नव्हत्या आणि आम्हीही विसरलो नव्हतो, हे त्या क्षणी कळले. आणि एखाद्या कुलपात किल्ली बसावी तसे दुसरेही काही कळले. त्या सजावटकाराने नोगुचींना जे उत्तर दिले, तेच आम्ही मिस्त्रींना दिले होते. त्याचे म्हणणे, हे कुणीही करील. आमचे म्हणणे, त्यात काय आहे? दोघांनीही दुसऱ्याच्या डोक्यातून आलेली वस्तू आधी घेतली आणि मग तिची किंमत देण्याची पाळी आली तेव्हा ती वस्तू क्षुल्लक ठरविली. ती क्षुल्लक होती तर आम्हाला ती हवी कशाला होती? कुणीही केली असती तर आम्हीच का नाही केली?

चोरी खिशात हात घालण्यापासून सुरू होते, असा आपला समज आहे. आम्हाला आता वाटते, ती त्याच्या बरीच आधी सुरू होते. दुसऱ्याच्या कष्टाला व विचाराला मनातल्या मनात हलके करण्यापासून ती सुरू होते. दुसऱ्याचे घ्यावयाचे तर आधी ते त्याचे नव्हतेच, असे मनाला पटवावे लागते. मजुराची मजुरी कापणारा कधीही ‘मी चोरी करतो’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, एवढ्याशा कामाला एवढे पैसे कसले? परीक्षेत दुसऱ्याचा पेपर पाहून लिहिणारा मुलगा, कुणाचे प्रवचन आपले म्हणून सांगणारा वक्ता, सुनेच्या हाताचे जेवण जेवून ‘भाजी काय, आपोआप शिजते’ म्हणणारे घर, हे सारे त्याच एका वाक्याच्या आश्रयाने जगतात. सातवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली, पण या वाक्याकडे तिचे बोट आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता तांब्याकडे पुन्हा वळू. तांब्यावर नाव नाही, म्हणजे नावाची काही गरजच नाही, असे म्हणता येईल का? आमच्या मते नाही. जुन्या गावगाड्यात सुताराचे नाव नांगरावर कोरीत नसत हे खरे. पण सुतार हा बलुतेदार होता. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. ती व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. तिने माणसाला जातीला बांधले आणि अनेकांच्या पदरात फार थोडे टाकले. परंतु तेथे एक गोष्ट होती. ज्याचा नांगर शेतात चालला त्याला त्या शेतातील धान्याचे देणे लागते, हे गाव उघडपणे कबूल करीत असे. शिवाय नाव लिहिले नाही तरी प्रत्येकाला ते ठाऊक असे. आम्ही मिस्त्रींना वाटा दिला नाही आणि त्यांचे नावही जाणून घेतले नाही. सात दिवस ते आमच्या घरात राबले, आमच्या घरचा चहा प्याले, आणि आम्ही त्यांना आरंभापासून अखेरपर्यंत केवळ ‘मिस्त्री’ म्हटले. परंपरेतील निनावीपणा वेगळा आणि बेपर्वाईतील निनावीपणा वेगळा.

ही बेपर्वाई केवळ आमची नव्हे. चंदिगडचे उदाहरण अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. ते शहर वसविताना सरकारी कचेऱ्यांसाठी साग व वेत यांच्या खुर्च्या-टेबले करविण्यात आली. पियेर जान्नरे हे स्विस वास्तुरचनाकार १९५१ ते १९६५ या काळात तेथे होते, आणि त्यांच्या देखरेखीखाली स्थानिक सुतारांनी ते सामान घडविले. पुढे ते जुने झाले, गच्चीवर आणि अडगळीत गेले, भंगाराच्या भावाने लिलावात निघाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत एकेका वस्तूला लाखो रुपये येऊ लागले. तेव्हा कोठे सरकार जागे झाले. आता त्या खुर्च्यांना जान्नरे यांचे नाव आहे. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या उर्मिला युली चौधरी या भारतीय वास्तुरचनाकार बाईंचे नाव त्या मानाने क्वचित निघते. आणि ज्यांनी रंधा मारला त्या सुतारांची नावे तर जवळजवळ कुणीच घेत नाही. किंमत वाढली ती सहीची. हाताची नव्हे.

पवित्र शास्त्रात याहून निराळी रीत आढळते. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाचे वर्णन वाचताना आपण बहुधा कंटाळतो आणि पाने उलटतो. हातांची मापे, कड्या, दांडे, फळ्या. पण त्याच कंटाळवाण्या पानांत एका कारागिराचे नाव आहे, बसालेल. त्याच्या बापाचे नाव आहे, त्याचा वंश सांगितला आहे, त्याच्या सोबत्याचेही नाव आहे, अहलियाब. बाभळीच्या लाकडाचे मेज बसालेलाने केले, हे तेथे मापांसह नमूद आहे. आणि त्याच्या हातच्या कसबाला शास्त्र हमाली म्हणत नाही. ते त्याला देवाच्या आत्म्याने दिलेले ज्ञान म्हणते. म्हणजे मिस्त्रींनी जमिनीवर बसून एकच फर्मा सुलटा-उलटा करीत जे चार दिवस घालविले, त्या चार दिवसांना शास्त्राच्या हिशेबात किंमत आहे. आमच्या हिशेबात ती नव्हती. नाझरेथच्या सुताराने केलेले एकही टेबल आज जगात उरलेले नाही. ते कुणी तरी विकत घेतले असेल, आणि कदाचित त्याच्याशीही कुणी दोन नाण्यांवरून घासाघीस केली असेल.

आता उरला परतफेडीचा प्रश्न. घेतलेले परत केल्यावाचून पश्चात्ताप पुरा होत नाही, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले होते. नोगुचींच्या बाबतीत आमचे मत असे बनले आहे, की त्यांचे ऋण पैशाचे नाही, नावाचे आहे. त्यांच्या कल्पनेने आमच्या घराला तीस वर्षे शोभा दिली. आम्ही तिचा व्यापार केला नाही. पण ‘आम्ही करवून घेतलं’ असे म्हणून पाहुण्यांचे कौतुक मात्र एकट्याने खाल्ले. हे टेबल अमुक माणसाने कल्पिले, एवढे सांगणे आमच्या हातात आहे, आणि ते आम्ही आता सांगतो. सांगताना पूर्वीचा अभिमान थोडा कमी होतो. तो कमी व्हावा हेच योग्य.

मिस्त्रींचे ऋण मात्र दोन्ही प्रकारचे आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांचा शोध घेतला. ज्या पत्र्याच्या खोल्यांत ते राहत असत तेथे आता इमारत उभी आहे. वखार बंद झाली आहे. जुन्या चौकीदारांना ते आठवले. उंच होते, कानावर पेन्सिल असे. नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. ज्याचे नाव माहीत नाही त्याला शोधावे तरी कसे? आमच्या परिचयाच्या एका धर्मगुरूंना आम्ही विचारले. ते म्हणाले, ज्याचे देणे आहे तो सापडत नसेल तर ते गरिबांना द्यावे, असे चर्चची परंपरा सांगते. त्याप्रमाणे आम्ही दीडशेच्या चौपट नव्हे, तेव्हाच्या व आताच्या मजुरीतील फरक धरून जमेल तेवढी रक्कम दिली. देऊन झाल्यावर फादर आणखी एक वाक्य बोलले, आणि ते आमच्या मनात राहिले. ते म्हणाले, “याने तुमच्याकडचे पैसे कमी झाले. त्यांच्याकडचे वाढले नाहीत, हे विसरू नका.”

विसरलेलो नाही. गेल्या वर्षी स्वयंपाकघरातील फळ्या बदलावयाच्या होत्या. आलेल्या कारागिराला आम्ही प्रथम त्याचे नाव विचारले आणि ते हिशेबाच्या वहीत रकमेच्या आधी लिहिले. कोपऱ्यातील एक जागा कशी वापरावी यावर तो अर्धा दिवस नुसता पाहत बसला होता. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी आम्ही जोडली, तेव्हा तो संकोचून म्हणाला, “त्यात काय साहेब, तेव्हा काम कुठं केलं?” ज्याचे श्रम त्यालाच ते हलके वाटावेत, इतके ते वाक्य आपण साऱ्यांनी मिळून रुजविले आहे.

टेबल अजून तेथेच आहे. यात्रेचे पाहुणे येतील, चहा होईल, कुणी तरी विचारील, हे कुठून आणलं? आम्ही सांगू, कल्पना नोगुची यांची. आणि घडविले कुणी, असे त्याने पुढे विचारले, तर आमच्यापाशी सांगावयास नाव नाही. त्या जागी आम्हाला थांबावे लागते. वाचकहो, आपल्याही घरात अशा वस्तू असतील. ज्यांनी त्या घडविल्या त्यांतील एखाद्याचे नाव आठवत असेल, तर ते आजच कोठे तरी लिहून ठेवा. आणि कुणाचे काही द्यावयाचे राहिले असेल, तर तो माणूस सापडण्याजोगा आहे तोवरच देऊन टाका.